मोहटोल्याच्या तळ्याचा सक्षम माणूस

गुणवंतराव मास्तरांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि ते नेमकं सरकारचं होतं. एकोणीसशे चौपन्नच्या पोळ्याला आलेलं. 'मालगुजारी गेल्यामुळे मोहटोला येथील तलाव सरकारजमा झाला आहे. तरी सदर तलावाचे पाणी सोडण्यास सक्षम व्यक्ती कोण, ते उलटटपाली कळवावे.'

मोहटोल्यात शाळेचे मास्तर तेच आणि टपालाचे मास्तरही तेच, म्हणून पत्र त्यांच्याच नावे आलं. त्यांनी त्याच दिवशी लिहायला घेतलं. पहिला खर्डा गोंड राजांपासून निघाला आणि नवव्या पानापर्यंत तळ्याच्या पाळीवर पोचलाच नाही. दुसरा अर्ध्या पानाचा झाला, तो त्यांना उद्धट वाटला. तिसऱ्यात स्वतःचं अक्षर आवडलं नाही. तेरावा खर्डा बरा होता, पण त्यात दर साली तळ्याचं पाणी सोडणाऱ्या वारलू ढिवराचं नाव होतं, आणि ते वाचून रामाजी काय म्हणतील या विचारानं मास्तरांना घाम फुटला. रामाजी म्हणजे गावचे कालपर्यंतचे मालगुजार, सारा वसूल करणारे जमीनदार. शाळा भरायची ती त्यांच्याच गोठ्यात. मास्तरांनी खर्डा पुस्तकात ठेवला, पुस्तक कपाटात ठेवलं. त्या साली पाऊस बरा झाला, पुढच्याही साली झाला. कोणी काही विचारलं नाही.

मधल्या काळात गावात विकास आला. तो जीपमध्ये बसून आला. धानाची जपानी रीत शिकवणारे साहेब चिखलात बूट घालायला तयार नव्हते, म्हणून त्यांनी ती बांधावरून काठीनं दाखवली. नमुन्याचा एक संडास बांधला गेला. त्यात रामाजींची शेळी व्याली. रेडिओ आला, पंधरा दिवस बोलला, मग त्याची बॅटरी उतरली आणि पानाचा डबा ठेवायला चांगली जागा झाली. मालगुजारी गेली म्हणून रामाजी आठ दिवस जेवले नाहीत. नवव्या दिवशी ते विकास समितीचे अध्यक्ष झाले आणि दोन वेळा जेवू लागले. छप्पनच्या नोव्हेंबरात तर गाव मध्य प्रदेशात झोपलं आणि मुंबई राज्यात उठलं.

गावातल्या लटारूनं विचारलं, "मास्तर, मुंबई आपल्याजवळ आली म्हंतेत. मंग समुद्र कुठी ठेवला?"

मास्तरांनी नकाशा उघडून बराच वेळ पाहिला. त्यांनाही तो कुठे दिसला नाही.

सत्तावन्नला हस्त कोरडा गेला. धान निसवायला आलं आणि बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, भेगा पडल्या. तळ्यात पाणी होतं. तळ्याच्या पाळीत दगडी तुडूम होतं, म्हणजे एकाखाली एक अशी पाच भोकं, लाकडी डट्ट्यांनी बुजवलेली. पाण्यात बुडी मारून डट्टा उपसला की पाणी शेतांकडे निघायचं. तो उपसायचा वारलूनं, त्याच्या आधी त्याच्या बापानं. का, तर तळ्याखाली वारलूची वीतभरही जमीन नव्हती. ज्याचं धान त्या पाण्यावर आहे त्यानं डट्ट्याला हात लावायचा नाही, आणि पाणी आधी शेवटच्या बांधीला द्यायचं, अशी रीत होती. ती कुणी शिकवायला जीप आली नव्हती.

वारलू लंगोट कसून पाळीवर चढला तर तिथं सरकारचा ओव्हरसियर कय्यूम सायकल टेकवून उभा. तुडूमाच्या खांबाला लाल फीत, फितीला लाखेचा शिक्का.

"रुको भाऊ," कय्यूम म्हणाला. "फाइलीत लिहिलं आहे, चौपन्नला विचारलं, सक्षम माणूस कोण. जवाब नाई आला. जवाबाशिवाय पाणी सोडलं तर गुन्हा होते."

"मी तं दर साली सोडतो, साहेब."

"ते मले नको सांगू. आता फाइल जागी झाली आहे."

सगळं गाव मास्तरांच्या ओसरीवर आलं. पुढे वच्छलाबाई. नवरा गेल्यावर एकटीनं रोवणा, म्हणजे धानाची लावणी, केलेली, आणि तिची बांधी सगळ्यांत शेवटी.

"काऊन जी मास्तर, तीन वर्सं झाली. तीन वर्सांत म्हैस दोनदा व्यायते, तुमचा एक कागद नाई निघाला?"

"लिहिलं होतं, बाई," मास्तर पुटपुटले. "तेरा वेळा."

"मंग एक तं टाकाचं होतं! माह्या धानाले चार दिवस आहेत. पाचव्या दिवशी दाना नाई, नुसती तनीस होते."

मागोमाग आलेल्या कय्यूमला मास्तरांची दया आली. तोही सरकारी नोकर होता, म्हणजे वाट काढणारा होता. "माझ्या कायद्यात जवाब मंजूर व्हावा लागत नाई," तो म्हणाला, "जवाब गेला पायजे. टपालाचा शिक्का पडला, थैलीत गेला, की मी लाख तोडतो. ज्याचं नाव असन तो पाणी सोडन. बस. पण एकदा गेलं की गेलं. नाव बदलाले पुन्हा तीन वर्सं लागतीन."

हे रामाजींनीही ऐकलं. दुपारी ते स्वतः आले. डोक्यावर नवी टोपी, हातात सुपारी.

"सोपं आहे, मास्तर. सरकारले सक्षम माणूस पायजे. वारलू कोण? त्याले सही येत नाई. समितीचा अध्यक्ष कोण? मी. लिहा."

"पण रीत... तुमची जमीन तर तुडूमाच्या तोंडाशीच आहे."

"म्हणून तं मले पाण्याची काळजी जास्त. माह्या बांध्या भरल्या की पुढं सोडीनच ना!"

"पाणी पुढं पुरणार नाही, रामाजीभाऊ."

"ते सरकारनं नाई विचारलं." रामाजींनी सुपारी तोंडात टाकली. "आणि मास्तर, पोरं कुठी शिकवाल सांगा. गोठा माहा आहे. सरकारजमा नाई झाला अजून."

मास्तर आत गेले. तेरावा खर्डा काढला. उधईनं त्याचा मधला भाग खाल्ला होता. एका परीनं बरंच झालं, मधल्या भागात त्यांनी क्षमाच फार मागितली होती. कोरा कागद घेतला. गोंड राजे आठवले, त्यांना रजा दिली. पाच ओळी लिहिल्या. हात थांबला तो पाचवीनंतर. शेळीच्या वासानं भरलेला गोठा, त्यात पाढे म्हणणारी बावीस पोरं त्यांना दिसली. आपण कोण असे मोठे लागून गेलो, असंही वाटलं. मग बाहेरून वच्छलाबाईचा आवाज आला, "लिहून राह्यले का झोपले?" आणि त्यांनी सही केली.

बाहेर इतवारी हरकारा मूल गावाला न्यायची टपालाची थैली घेऊन तयार होता. कय्यूम होता, वारलू लंगोटातच होता, अर्धं गाव होतं.

"वाचा," रामाजी म्हणाले.

मास्तरांनी वाचलं. ते दुसऱ्या कुणालाच ऐकू गेलं नाही.

"मोठ्यानं वाचा, मास्तर. पोरांवर वरडता तसं."

मास्तर पोरांवर कधी ओरडले नव्हते. पण या वेळी आवाज निघाला, जरा फाटका निघाला. "मोहटोला येथील तलावाचे पाणी सोडण्यास सक्षम व्यक्ती वारलू ढिवर. कारण, तलावाखाली त्यास जमीन नाही. पाणी प्रथम शेवटच्या बांधीस द्यावे, अशी येथील रीत आहे. ज्याची जमीन तलावाखाली आहे तो अध्यक्ष असला तरी सक्षम नाही. उत्तरास तीन वर्षे विलंब झाला, तो दोष माझा."

रामाजी सुपारी चावायचे थांबले. "मास्तर, उद्यापासून गोठ्यात गाई बांधीन मी."

"बांधा," मास्तर म्हणाले. ते बाकावर बसले. "शाळा पाळीवर भरवीन. मोहाची सावली आहे तिथं."

"आणि पावसाळ्यात?" रामाजींनी विचारलं.

"माह्या घरी!" वच्छलाबाई ओरडली. "धान झालं तं कोठा रिकामा नाई राहीन, पण ओसरी आहे!"

मास्तरांनी पाकीट चिकटवलं. टपालाचा शिक्का काढला, शाईवर दाबला. स्वतःच्याच पत्रावर स्वतःच शिक्का मारायचा, हे नियमात बसतं का अशी एक शंका त्यांना चाटून गेली; आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती नियमांच्या पुस्तकात ताडून पाहिली नाही. शिक्का पडला. वर पत्ता मुंबई राज्याचा होता की मध्य प्रदेशाचा, हे कय्यूमनं वाकून पाहिलं.

"दोनी लिवले जी?"

"ज्यांचं असेल ते घेतील."

पाकीट थैलीत गेलं, थैलीचं तोंड बांधलं. इतवारीनं ती खांद्यावर टाकली आणि घुंगरांची काठी वाजवत निघाला. आंब्याजवळ पोचला असेल नसेल, मास्तर एकदम उठले.

"इतवारी!"

इतवारी वळला. "काय जी? काही राह्यलं का?"

मास्तरांनी पाळीकडे पाहिलं. तिकडे वारलू आधीच धावत सुटला होता, मागून कय्यूमची सायकल खडखडत होती.

"नाही," मास्तर म्हणाले. "जरा लवकर जा."