हिरव्या पट्ट्यावरची झोप

सायकलवर झोपणारा नवरा माझ्या पदरी पडला आणि पवित्र झाला, त्याला आता काय करणार! आमचे हे, जयराम, पहाटे मळ्यातली शेवंती तोडायचे, पाट्या कॅरिअरला बांधायचे आणि मखमलाबादहून पंचवटीतल्या फुलबाजाराकडं निघायचे. मोटारसायकल घ्या म्हटलं की म्हणायचे, पेट्रोलचा वास फुलाला लागतो. खरं कारण वेगळं होतं. मोटारसायकलवर स्वप्नं पडत नाहीत.

दोनेक वर्षांपूर्वी कॉलन्यांमधून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला सायकलींसाठी हिरवा पट्टा रंगवला, त्यावर पांढऱ्या रंगात सायकलीचं चित्र. ह्यांना ते इतकं आवडलं की पहिल्या दिवशी खाली उतरून त्यावर हात फिरवून आले. "आपल्यासाठी केलाय गं," म्हणाले. आमच्यासाठी म्हणून आजवर कुणी रस्ता केला नव्हता, तेव्हा मीही खूश झाले.

थंडीत गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, धुकं यायचं. पट्टा त्यात संथ पाण्यासारखा दिसायचा आणि पाय मारता मारता ह्यांचे डोळे मिटायचे. वाट सायकलला पाठ होती. बाजारातून परतले की चहा पिताना मला स्वप्न सांगायचे. आज शेवंतीला पाय फुटले होते, सगळी झाडं माझ्यापुढं रांगेनं चालली होती. आज गंगा आपल्या मळ्यात आली होती आणि तू तिच्या पाण्यावर भाकरी थापत होतीस. "स्वप्नातही मला कामालाच लावा," असं मी फणकाऱ्यानं म्हणायची. पण खरं सांगते, उद्या काय दिसेल ह्याची मी वाट बघायची.

मग कार्तिकातल्या एका पहाटे त्याच पट्ट्याच्या मधोमध गटाराच्या चेंबरचं झाकण नव्हतं. पुढचं चाक आत गेलं. खांदा निखळला, मांडीचं हाड मोडलं, शेवंती रस्ताभर सांडली. हाडं हळूहळू जुळली, पण ह्यांची झोप गेली ती गेलीच. दवाखान्यात, घरी, येईल त्याला एकच सांगायचे, "मीच झोपलो. माझीच चूक." डोळा लागायला लागला की स्वतःला चिमटा काढायचे. दंडावर काळेनिळे डाग पडले. स्वप्नं बंद झाली आणि चहाला बोलणंही. माणूस माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालला होता, आणि मला भीती वाटत होती.

आमच्याकडून फुलं नेणाऱ्या हर्षाली मॅडम वकील आहेत. त्या म्हणाल्या, "प्रतिभाताई, पट्टा शहरानं केला, तर झाकण बघायची जबाबदारीही शहराचीच. आपण दावा लावू." मी हो म्हणाले. कोर्टात काय मिळेल ते मिळो, मला एकच हवं होतं. महापालिकेच्या रस्ते खात्यातल्या कुणी माणसानं ह्यांच्या तोंडावर सांगावं, की खड्डा आमचा होता. मगच हे स्वतःला सोडतील असं मला वाटत होतं. खात्यानं कळवलं, आमचे साहेब जागा बघायला येतील.

आणि इथंच आमच्या सासूबाईंनी, बायडाबाईंनी, घोळ घातला होता. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

आम्ही दवाखान्यात असताना आत्याबाई त्या जागेवर उतारा टाकायला गेल्या. बघतात तर चेंबर उघडंच. त्यांच्या मते जागा तोंड वासून बसली होती आणि तिला शांत करायला हवं होतं. आमच्या परड्यात मोडक्या जात्याची खालची तळी पडली होती. हातगाडीवर घालून त्यांनी ती नेली. चेंबरवर अशी बसली, की जणू त्याच मापानं घडवली होती! वर शेंदूर फासला, तेल ओतलं, हळद वाहिली. बाजाराला जाणारे फुलवाले येता-जाता फूल टाकायला लागले. मग नारळ आले, बेल आला, कुणीतरी झेंडाही रोवला. सकाळी फिरायला येणारी कॉलनीतली माणसं चेंबरबाबा म्हणून हात जोडायला लागली.

कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. "आत्याबाई, अहो आपला पुरावाच झाकला की तुम्ही!"

"मंग काय दुसऱ्याचं पोर पडू द्यायचं व्हतं?" आत्याबाई म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

साहेब आले ते उन्हं कलताना. ह्यांना कॅरिअरवर बसवून मी सायकल मारत आले होते. पडल्यापासून फुलंही मीच नेत होते. आत्याबाई आणि हर्षाली मॅडम आधीच येऊन थांबल्या होत्या. साहेबांनी तळी बघितली, सवयीनं बूट काढले, हात जोडले. मग बूट घालून म्हणाले, "इथे उघडं चेंबर नाही. विनापरवाना देवस्थान मात्र आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते ह्यांच्याकडं वळले. "आणि काका, झोपलो होतो असं तुम्हीच दवाखान्यात सांगितलंय."

ह्यांनी मान खाली घातली.

आत्याबाई पुढं झाल्या. तळीवरचं बेलाचं पान उचललं, त्यावर चिमूटभर हळद ठेवली आणि साहेबांपुढं धरली. "उचला बेलभंडारा. देवाम्होरं म्हणा, हितं खड्डा नव्हता. आमी आल्या वाटंनं घरी जातो."

बेलभंडारा उचलून बोललेलं खोटं सात पिढ्यांना भोवतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. साहेबांनाही ठाऊक असावं. त्यांनी हात मागं घेतला आणि कसंनुसं हसले. "आधी काकांनी उचलावा. म्हणावं, मी जागा होतो."

हर्षाली मॅडमचा चेहरा उतरला. मी ह्यांना डोळ्यांनी नको नको म्हणत होते. पण ह्यांनी काठी माझ्याकडं दिली आणि पान हातात घेतलं.

"मी झोपलो व्हतो," हे म्हणाले. "शेवंती माझ्याम्होरं चालली व्हती. लय ग्वाड सपान व्हतं." तळीकडं बघत राहिले. "पर सायेब, वाट खराब असती तर मी झोपलो नसतो. आधीच्या रस्त्यावर डोळ्यात तेल घालून जायचो. तुमी सायकलीचं चित्र काढलं. मला वाटलं, हितं कुनीतरी आपल्यासाठी जागं हाय. त्या भरवशावर झोपलो मी."

आणि त्यांनी पान साहेबांच्या तळहातावर ठेवलं. "आता तुमी."

हळद साहेबांच्या घामानं ओली झाली. कुणीतरी येऊन तळीवर झेंडू टाकून गेलं.

"झाकण चोरीला गेलं होतं," ते शेवटी म्हणाले. "आम्हाला लोकांनी कळवलंही होतं. उद्या बसवू, उद्या बसवू करत राहिलो. काका, खड्डा आमचा होता."

हर्षाली मॅडम लगेच म्हणाल्या, "हे कोर्टात सांगाल?" साहेब नुसतं बघूया म्हणाले. दावा अजून चालू आहे, तारखा पडतात, चालायचंच.

ह्यांना कॅरिअरवर बसवून मी परत निघाले. कॉलनीतले दिवे लागत होते, पट्ट्यावर झाडांच्या सावल्या हलत होत्या. थोडं पुढं गेल्यावर माझ्या पाठीवर एकदम भार आला. मला वाटलं चक्कर आली. पाय टेकून कान दिला, तर हे घोरत होते.

मला रडू फुटलं. लोक बघत होते, बघोत. मी पदर सोडून ह्यांचे दोन्ही हात माझ्या पोटाशी बांधले आणि पुन्हा सायकल मारायला लागले. पट्ट्यावरचं एकेक चेंबर टक लावून बघत होते, वळसा घालून जात होते. पाठीमागं हे काहीतरी पुटपुटले, मग हसले. शेवंती चालायला लागली असणार.

मखमलाबादचं वळण आलं, तरी मी सायकल वळवली नाही.