डावीकडून अडकलेला बार

मित्रांनो, मी वजन उचलण्याचा एक जुना बार आहे. वजन वीस किलो, वय सांगण्यासारखे राहिले नाही. माझ्यामुळे कोणाचे वाईट होण्याआधी माझी हकीकत ऐका.

पोलादाची कांब ओढून, घासून मला घडवले आणि दोन्ही टोकांना एकेक फिरती नळी बसवली. वजनाच्या गोल प्लेटा त्या नळ्यांवर चढतात. उचलणारा मला छातीशी ओढून झटकन कोपरे पुढे काढतो, तेव्हा मी त्याच्या हातांबरोबर फिरतो आणि नळ्या जागच्या जागी राहतात. त्यामुळे प्लेटांचा पीळ मनगटाला बसत नाही. एवढीच माझी विद्या.

व्यायामशाळेत सर शिकवत होते तोवर माझी बडदास्त होती. व्यायामशाळा उघडली की ते आधी माझ्या नळ्या फिरवून पाहत, तेल घालत. मी स्पर्धा गाजवल्या. थोडा चढूनही गेलो होतो, खोटे कशाला बोलू?

पुढे सर थकले आणि त्यांची मुलगी शिकवू लागली. तिला सगळे ताई म्हणतात. शिकवते छान. पाठ सरळ, बार अंगालगत, आधी पाय आणि मग हात. तिने नवे बार आणले आणि मला नवशिक्यांसाठी ठेवले. "त्यांना काय, हलकंच उचलायचंय. हा म्हातारा चालेल," असे ती म्हणाली. ओल आलेल्या भिंतीशी मी वर्षभर उभा होतो. माझी डावी नळी आतून गंजून घट्ट बसली. वरून मी अजूनही चकचकीत दिसतो.

मग काकू आल्या. त्या कपडे शिवतात. मशीनवर वाकून पाठ धरली, म्हणून आल्या. त्यांचे घर त्यांच्या दोन हातांवर चालते. पंधरा दिवस लाकडी काठीवर त्या बिनचूक शिकल्या. त्यानंतर हलक्या प्लेटा चढवून मी त्यांच्या हाती आलो. त्यांनी कोपरे पुढे काढली आणि मी त्यांच्या डाव्या मनगटाला पीळ दिला. मला फार वाईट वाटले, पण बाराला कुठे बोलता येते?

"कोपर उशिरा येतंय, काकू. पुन्हा," ताई म्हणाली.

आठवडाभर तेच चालले. शेवटी काकूंनी भीत भीत विचारले, "ताई, हा बार डावीकडे अडकतो का गं जरा?"

"काकू, नाचता येईना, अंगण वाकडं," ताई थट्टेने म्हणाली. सगळे हसले. काकू सर्वांत जास्त हसल्या, आणि त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मित्रांनो, या खेपेला अंगण खरेच वाकडे होते.

काल काकू मैत्रिणीला सांगत होत्या, "डाव्या हातात कापडच धरवत नाही बघ. पण माझंच चुकतंय गं, कोपर उशिरा येतं."

आज त्या मनगटाला पट्टी बांधून आल्या आहेत. ताईने माझ्यावर दोन्हीकडे पाच-पाच किलो वाढवले. "हलकं आहे म्हणून आळस होतोय. जड झालं की कोपर आपोआप येईल," असे तिचे म्हणणे.

तुम्ही कधी कोणाला काही शिकवाल, तर शिकणाऱ्याची चूक काढण्याआधी त्याच्या हातात आपण काय दिले आहे, ते तपासा. आणि तो भीत भीत काही विचारत असेल, तर हसू नका.

काकू खाली वाकल्या आहेत. पाठ सरळ आहे, पकड बरोबर आहे. त्यांचे काहीही चुकलेले नाही.