बारा खिळ्यांची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. मोडक्या पलंगाच्या लाकडातून एका सुताराने मला कापले आणि माझ्यावर बारा खिळे ठोकले. आमच्या इमारतीत बिऱ्हाडेही बाराच होती. तळमजल्यावरच्या शिवणकाकूंनी मला दाराच्या आत टांगले. त्या दिवसभर घरात मशीनवर कपडे शिवत. म्हणून प्रत्येक बिऱ्हाडाची जादा किल्ली त्यांच्याकडे, म्हणजे माझ्याकडे असे.

बारावा खिळा मात्र रिकामा होता. काकूंची स्वतःची जादा किल्ली वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे असे. "आपलीच किल्ली आपल्याच घरात ठेवून काय उपयोग?" काकू म्हणत.

मास्तर चिडवत, "अख्खी इमारत तुमच्या मुठीत आहे हो."

"म्हणून तर तुमची साखर लवकर संपते."

एकदा तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा न्हाणीघरात पडले. काकू हातातल्या कात्रीसकट जिना चढल्या आणि सातव्या खिळ्यावरच्या किल्लीने चार मिनिटांत दार उघडले. आजोबा वाचले. त्या दिवशी काकूंनी मला तेलाचा हात दिला.

आमचे शहर पाहायला लोक पूर्वीही येत. पुढे इतके येऊ लागले, की घरमालकांना वर्षानुवर्षांच्या भाडेकरूंपेक्षा दोन दिवसांचे पाहुणे परवडू लागले. एकेक बिऱ्हाड उठले. जाताना जो तो आपली किल्ली परत नेई. जिथे किल्ली लटकत असे तिथे उजेड पोहोचला नव्हता, त्यामुळे माझ्या अंगावर किल्लीच्या आकाराचे ठसे राहिले. नव्या दारांना आकडे दाबून उघडणारी कुलपे आली.

पाहुणे वाईट नव्हते. उरल्यासुरल्या किल्ल्या पाहून ते काकूंनाच व्यवस्थापक समजत. "खोली नाही, टॉवेल नाही. बटण तुटलं असेल तर बोला," काकू म्हणत. पण दोन दिवसांसाठी आलेला माणूस कपडे कशाला शिवून घेईल? मशीन गप्प झाले.

शेवटी मास्तरही निघाले. "लेकीकडे चाललोय. ही तुमची किल्ली. कुणाकडे देऊ?"

काकूंनी जिन्याकडे पाहिले. "द्या इकडेच."

आणि ती किल्ली त्यांनी माझ्या बाराव्या खिळ्याला अडकवली.

एका बुधवारी सकाळी काकू स्टुलावरून पडल्या. त्यांना उठता येईना. त्या हाका मारत राहिल्या. बाहेर फरशीवरून चाकांच्या बॅगा खडखडत होत्या. दुपारपर्यंत मी सतरा मोजल्या. त्या आवाजात काकूंचा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता. किल्ली त्यांच्या डोक्यावर दोन हातांवर होती, आणि दाराच्या चुकीच्या बाजूला होती.

फोन उचलत नाहीत म्हणून शुक्रवारी त्यांची भाची आली. तिने दार फोडून घेतले. तोवर फार उशीर झाला होता.

आता इथेही पाहुणे उतरतात. जुनी वस्तू शोभून दिसते म्हणून मालकाने मला ठेवले आहे. भंगारातल्या बारा किल्ल्या आणून टांगल्या आहेत. त्यांनी कोणतेच दार उघडत नाही. लोक माझे फोटो काढतात.

मित्रांनो, माझ्यासाठी आता काही करता येणार नाही. पण तुम्ही परक्या गावी पाहुणे म्हणून गेलात, तर जिन्यापाशी बॅग जरा उचलून धरा. चाके थांबली, की कुणाची हाक येते का, तेवढे ऐका.