बोलणाऱ्या सॅलडचा वाडगा

मित्रांनो, मला उचलायचं असेल तर दोन्ही हात लावा. मी एक जुना मातीचा वाडगा आहे आणि माझं वजन काही थोडंथोडकं नाही. बाहेरून तपकिरी, आतून पिवळट, काठावर निळे ठिपके. एका जागी टवका उडाला आहे, पण घरातल्या बायका ती बाजू भिंतीकडे करून ठेवतात. मलाही ते बरं वाटतं.

दक्षिण जर्मनीतल्या श्वाबिया नावाच्या डोंगराळ मुलखात एका कुंभाराच्या चाकावर माझा जन्म झाला. कुंभार पायाने चाक फिरवायचा आणि दिवसभर कुरकुरायचा. त्याच्या कुरकुरीच्या भरात मी जरा जास्तच जाड झालो. "हा वाडगा नव्हे, धोंडा झालाय," असं म्हणून त्याने बाजारात मला सगळ्यात मागे मांडलं. पातळ, नाजूक भांडी भराभर विकली गेली. मी आपला उन्हात बसून राहिलो. तेवढ्यात ओटिली आली. तेव्हा ती नवी नवरी होती. तिने वाकून मला बोटाने टकटक वाजवलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाली, "हाच द्या. जाड आहे, म्हणजे ऊब धरेल."

मित्रांनो, आयुष्यात आपल्याला नेमकं ओळखणारं एकच माणूस भेटलं तरी पुरे असतं. मला ते पहिल्याच बाजारात भेटलं.

ऊब लागते, कारण आमच्या डोंगराकडे बटाट्याचं सॅलड गरमागरमच कालवतात. बटाटे सालासकट उकडायचे, बोटांना चटके बसत असतानाच सोलायचे आणि पातळ चकत्या करून माझ्यात टाकायच्या. वर कांदा, मीठ, व्हिनेगर, थोडी मोहरीची चटणी आणि हाडांचं कढत सूप. तेल सगळ्यात शेवटी, कारण आधी घातलं तर बटाटा तेलकट होऊन बसतो आणि सूप आत घेत नाही. मग लाकडी डावाने हलक्या हाताने ढवळायचं. आधी सगळं पातळ पाणी दिसतं. ढवळता ढवळता ते मिळून येतं आणि चपक्-चपक् असा आवाज यायला लागतो. आवाज आला की आमच्याकडे म्हणतात, सॅलड बोललं. मुकं सॅलड आमच्या गावात पाहुण्यांपुढे ठेवत नाहीत. हा आवाज सॅलडचा की माझ्या पोटाचा, यावर मी कधी वाद घातला नाही. पण मला माझं मत आहे.

ओटिलीचं सॅलड पंचक्रोशीत नावाजलेलं होतं. बारसं असो, अग्निशमन दलाचा उत्सव असो, मला बोलावणं असायचंच. शेजारीण इर्मा तिच्याशी कुंपणावरून भांडायची आणि संध्याकाळी ताट घेऊन दारात उभी राहायची. "ओटिली, तुझ्या सॅलडपायी मला धड रुसताही येत नाही!" असं म्हणायची. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तर सॉसेज आणि सॅलड, एवढाच बेत. त्या दिवशी टेबलाच्या मधोमध मी. मेणबत्त्यासुद्धा मला पाहून बाजूला सरकवल्या जायच्या.

मग ओटिलीचा मुलगा गेरोल्ड याने उत्तरेकडच्या समुद्रकाठची मुलगी बायको करून आणली. तिचं नाव वीब्के. उंचच उंच, हसरी आणि उत्तर द्यायला जराही न कचरणारी. सासूला खूश करावं म्हणून पहिल्याच रविवारी तिने माझ्यातच तिच्या माहेरचं बटाट्याचं सॅलड केलं. गार बटाटे, उकडलेली अंडी, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या काकड्या आणि वर मेयोनीज. चांगली मोठी बरणीभर. माझ्या पोटात गारेगार गोळा पडला. मी नाराज नव्हतो, फक्त चकित झालो होतो.

ओटिलीने येऊन डोकावून पाहिलं. "हे काय? भिंतीला चुना लावायचाय का आज?"

जेवणाऱ्यांचे हात जागच्या जागी थांबले. वीब्के लाल झाली, पण गप्प बसली नाही. "आमचं निदान ताटात एका जागी राहतं, आई. तुमच्या बटाट्यांना तर सर्दी झालीये. नुसतं नाक गळतंय."

गेरोल्डने मान खाली घालून चुनाही खाल्ला आणि सर्दीही खाल्ली. त्या दिवसापासून नाताळच्या टेबलावर दोन सॅलडं यायला लागली. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला वीब्केचा काचेचा वाडगा. ओटिलीने त्या काचेच्या वाडग्याकडे कधी चमचा वळवला नाही, आणि वीब्केने माझ्याकडे. बाकी दोघींचं बरं चालायचं. वीब्के सासूच्या सफरचंदांचा मुरांबा घालायची, ओटिली सुनेचे मोजे विणायची. सॅलडपुरतीच काय ती सरहद्द होती. गेरोल्ड मात्र दर नाताळला दोन्ही बाजूंचे डाव मोजूनमापून सारखे वाढून घ्यायचा. त्याचं पोट त्यामुळेच सुटलं, असं माझं मत आहे.

वर्षं गेली. ओटिलीचे केस पांढरे झाले, माझा टवका उडाला. एका हिवाळ्यात तिला जबर फ्लू झाला. ताप उतरला, खोकला गेला आणि ती पुन्हा ओट्याशी आली. पण काहीतरी बिनसलं होतं. ते सगळ्यांच्या आधी मला कळलं. पूर्वी ती एकदाच बोट बुडवून चाखायची आणि मान डोलवायची. आता ती चाखायची, थांबायची, पुन्हा चाखायची. व्हिनेगरच्या बाटलीचा वास घ्यायची, बाटली नाकाला अगदी लावायची आणि कोऱ्या चेहऱ्याने खाली ठेवायची. मित्रांनो, तिची चव गेली होती. वासही गेला होता. आणि तिने ते कुणालाही सांगितलं नाही.

शरद ऋतूत अग्निशमन दलाचा उत्सव झाला. ओटिलीने हाताच्या अंदाजाने सॅलड केलं, मग भरवसा वाटेना म्हणून वरून व्हिनेगर घातलं, मग आणखी थोडं घातलं. लोकांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. कौतुकाने नव्हे. इर्मा ओरडली, "अगं ओटिली, व्हिनेगरची बाटली फुटली की काय वाडग्यात?" सगळे हसले, ओटिलीही हसली. घरी आल्यावर मला घासताना मात्र ती रडली. तिचे अश्रू माझ्यात पडत होते आणि ती ते साबणाच्या पाण्याबरोबर ओतून देत होती.

दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं, "माझे हात दुखतात. हा धोंडा आता उचलवत नाही. यंदा नाताळला सॅलड दुकानातून आणा." गेरोल्ड भला माणूस. तो लगेच बाजारात गेला आणि आईसाठी हलका, पोपटी प्लास्टिकचा वाडगा घेऊन आला. कानामागून आला आणि तिखट झाला, असं मी मनात म्हटलं. मला तळघरात नेऊन ठेवलं. वर काय चाललंय ते जिन्यावरून ऐकू यायचं, पण मला कुणी हाक मारत नव्हतं. कुणीतरी माझ्यात कपड्यांचे चिमटे टाकले. ज्याच्यात सॅलड बोलायचं त्याच्यात चिमटे! तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटलं. पण त्याहून वाईट बातमी वरून येत होती.

"गेरोल्ड, आई जेवत नाहीत," वीब्के एक दिवस जिन्याच्या तोंडाशी हळू आवाजात म्हणाली.

"वय झालं तिचं. भूक कमी होतेच की."

"वय झालं म्हणून कुणी आपलं सॉसेज टेबलाखालून इर्माच्या कुत्र्याला घालत नाही. अंगावरचा झगा बघ, नुसता लोंबतोय. अशा राहिल्या तर वसंत ऋतू बघतील का त्या?"

मला त्या काळोखात थंडी वाजली, आणि ती तळघराची थंडी नव्हती.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी वीब्के स्वतःच्या सॅलडसाठी काकड्यांची बरणी न्यायला खाली आली, तिने मला पाहिलं आणि चिमटे जमिनीवर ओतले. "चल रे धोंड्या," ती म्हणाली, "तुझ्या मालकिणीला जेवायला घालायचंय." तिने मला कोमट पाण्याने धुतलं, ओट्यावर ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्याकडचं सॅलड करायला घेतलं. इतकी वर्षं तिने ते टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून नीट पाहिलं होतं. सूप केलं, कांदा बारीक चिरला, तेलाची बाटली शेवटासाठी बाजूला ठेवली. पण बटाटे? ते तिने तिच्या माहेरच्या रिवाजाप्रमाणे आदल्या दिवशीच उकडून रात्रभर गार करून ठेवले होते! मेयोनीजच्या सॅलडला तसेच लागतात. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण मी वाडगा, सांगणार कसा?

तिने गार चकत्यांवर कढत सूप ओतलं आणि ढवळायला लागली. ढवळतेय, ढवळतेय. चकत्या सुपात नुसत्या पोहत होत्या. खळखळ पाणी, बाकी काही नाही.

शेजारच्या खोलीत ओटिली शेगडीजवळच्या बाकावर पाठ करून बसली होती. महिनाभर ती स्वयंपाकघरात फिरकली नव्हती. पण कान कुठे गेले होते तिचे? थोड्या वेळाने बाक करकरला आणि ती दारात आली.

"सॅलड बोलत नाहीये," ती म्हणाली. "बटाटे कधीचे?"

"कालचे. आमच्याकडे आदल्या दिवशी..."

"तुमच्याकडे! अगं, गार बटाटा हट्टी असतो. त्याला कितीही पाजलं तरी तो पीत नाही. हे रात्रीच्या सुपात घाल आणि दुसरे चढव. माझा ॲप्रन कुठेय?"

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हणतात ना! दुसरे बटाटे उकडले. ओटिलीने चटके सोसत सोलले, वीब्के "हाय हाय" करत बोटं फुंकत सोलत होती. चकत्या माझ्यात पडल्या. किती दिवसांनी ती ऊब! कांदा पडला, सूप पडलं. मग ओटिलीचा हात मिठाच्या भांड्यापाशी गेला आणि तिथेच थांबला.

वीब्केने चमचा पुढे केला. "चाखून बघा ना, आई."

ओटिलीने चमचा घेतला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. "मला काही लागत नाही गं," ती शेवटी म्हणाली. "त्या तापापासून. ना मीठ, ना आंबट. सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं. वास नाही, काही नाही. लोकांना काय सांगू? ओटिलीला सॅलड येईना झालं म्हणून? मला जेवणाची भीतीच वाटते."

मित्रांनो, इतक्या वर्षांचा चुना वीब्केला त्या वेळी सव्याज परत करता आला असता. पण तिने नाक पुसलं आणि ती म्हणाली, "एवढंच ना? मग वाटून घेऊ. हात तुमचे, कान तुमचे. जीभ माझी."

"तुझी? चुना खाऊन वाढलेली?"

"घरात आत्ता हीच आहे. घ्यायची तर घ्या."

ओटिलीने तिच्या हातातला चमचा घेतला. "तोंड उघड," ती म्हणाली आणि पहिला चमचा सुनेला भरवला. "सांग."

"अळणी आहे."

"किती अळणी? रुग्णालयातल्या जेवणासारखं, की इर्माच्या हातचं?"

"इर्माच्या हातचं."

"मग चिमूटभरच. आता? व्हिनेगर नाकात शिरतंय?"

"शिरत नाहीये. दारात उभं राहून आत येऊ का विचारतंय."

"बस्स! तिथेच थांबवायचं त्याला." ओटिलीने तेल घातलं, डाव हातात घेतला आणि ढवळायला लागली. आणि माझ्या पोटातून आवाज आला. चपक्-चपक्. वीब्केने सासूच्या खांद्यावर डोकं ठेवलं. ओटिली म्हणाली, "बाजूला हो, मला हात हलवू दे." पण ती स्वतः काही बाजूला झाली नाही.

संध्याकाळी टेबलावर मी होतो आणि वीब्केचा काचेचा वाडगाही होता. इर्माही कुत्र्याला घेऊन जेवायला आली होती. गेरोल्डने पहिला घास घेतला आणि चमचा हातात धरून तसाच बसला. "आई, हे तर अगदी तुझ्या हातचं!" ओटिलीने सगळ्यांसमोर सांगितलं, "हात माझे, पण जीभ हिची. माझी चव गेलीये." ते सांगायला तिला केवढं बळ लागलं असेल! कुणी हसलं नाही. इर्माने मान खाली घातली आणि स्वतःच्या ताटातलं चांगलं सॉसेज तिच्या ताटात ठेवलं.

मग ओटिलीने एक गोष्ट केली. तिने हात लांब करून काचेचा वाडगा ओढून घेतला आणि ते पांढरं सॅलड चांगलं डावभर स्वतःच्या ताटात वाढलं.

"आई?" वीब्के घाबरून म्हणाली.

"चव नाही तोवर खाऊन घेते," ओटिली म्हणाली. "परत आली तर जमायचं नाही." तिने घास तोंडात घातला, हळूहळू चावला. "गार आहे. मऊ आहे. काकडी कुरकुरतेय. आता याची चव काय आहे ते तू सांग, पोरी. सगळं सांग, मी ऐकत ऐकत खाते."

वीब्के सांगत गेली. अंड्याचं सांगितलं, आंबटगोड काकडीचं सांगितलं, तिची आई समुद्रावरच्या वाऱ्यात खिडकी लावून घेऊन हे कसं कालवायची तेही सांगितलं. ओटिली मान डोलवत खात होती. ताट रिकामं झालं तेव्हा तिने ते पुन्हा पुढे केलं. कुत्रा टेबलाखाली उपाशी राहिला.

तिची चव काही परत आली नाही, मित्रांनो. पण दर शनिवारी वीब्के ओट्याशी येते, तोंड उघडते आणि विचारल्याचं खरं उत्तर देते. ओटिलीचा झगा आता अंगावर नीट बसतो.

जुन्या भांड्याने शेवटी मला जपा, मला फोडू नका, असं सांगायचं असतं. तेही सांगतो: मला जपा. पण तुमच्या घरात एखादं म्हातारं माणूस "माझे हात दुखतात, आता नको" म्हणालं, तर लगेच हलकं प्लास्टिकचं भांडं आणायला धावू नका. आधी त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, "जेवण लागतंय ना नीट?" आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.