तिसऱ्या दिवसाची लाली

तिसरा दिवस

बावन्न दंड लाल झाले. नुसते लाल नाहीत, खाजही सुटली. मोठ्या साहेबांनी व्हरांड्यात उभं राहून स्वतःच्या डाव्या दंडाकडे असं पाहिलं, जणू काही तिथे कुणी पदक टोचलं आहे.

"उठली लस," साहेब म्हणाले. "सगळ्यांची उठली. लिहा."

हेडक्लार्कने लिहिलं. त्याला सगळं इस्पितळ शंभरटक्के म्हणत असे, कारण त्याच्या हातून आजवर याहून कमी आकडा कधी बाहेर पडला नव्हता. पावसात छप्पर गळलं तेव्हाही दुरुस्ती शंभर टक्के झाली होती; गळणं राहिलं होतं, एवढंच.

सही मात्र सुईबाईची लागत होती. सुईबाई म्हणजे तेवीस वर्षं या इस्पितळात देवी टोचणारी नर्स. तिने पेन उघडलं नाही.

"साहेब, ही लाली खोटी."

"डोळ्यांना दिसतेय ती खोटी?"

"डोळ्यांना दिसतेय तीच. ज्याला लहानपणी एकदा टोचलंय, त्याचं अंग लस ओळखतं. मेलेली टोचली तरी तिसऱ्या दिवशी लाल होतं. ओळख पटली म्हणजे पाहुणा जिवंत आहे असं नाही. सातव्या दिवशी फोड दिसला तर खरं."

"आणि नाही दिसला तर?"

"तर एक तर माणूस जुन्या टोचणीनेच पक्का, नाही तर लस मेलेली. दोहोंतलं कुठलं, ते या लालीवरून मला सांगता येत नाही. आणि तुम्हाला तर नाहीच."

साहेबांनी बाही आणखी वर सारली. तिथे तीन जुने व्रण होते, वाटाण्याएवढे. कुणीही विचारलं नसताना ते दाखवायची त्यांना भारी हौस.

"हे बघा. तीन. आमच्या वेळची लस म्हणजे लस होती. मला या दुसऱ्या टोचणीची गरजसुद्धा नव्हती, लोकांना धीर यावा म्हणून घेतली."

"पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं कुलूप आहे ते साहेब. गंजतं."

शंभरटक्के खोकला. साहेबांनी अहवाल तिच्या सहीविनाच धाडला. वर लिहिलं होतं: बावन्न टोचले, बावन्न उठले.


पहिला दिवस (लाली कुठून आली ते कळायला मागे जावं लागतं)

शेजारच्या गावात देवीचे रोगी निघाले होते. त्यांना ठेवायला इस्पितळाचा बंद पडलेला मागचा वॉर्ड आठव्या दिवशी उघडायचा होता. त्याआधी झाडूवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना पुन्हा टोचून घ्यायचं, असा वरून हुकूम आला.

साहेबांनी अंगणात खुर्च्या मांडल्या. फोटोवाला बोलावला. सगळ्यांत आधी टोचली ती त्यांची सहा महिन्यांची नात. तिची पहिलीच वेळ. साहेबांच्या लेकीने बाळाला घट्ट धरलं, सुईबाईने लशीचा थेंब ठेवून सुईच्या टोकाने दहा दाब दिले, बाळाने टाहो फोडला, फोटो निघाला. मग मोठ्यांची रांग. ज्याला आधी कधी टोचलंय त्याला दहा पुरत नाहीत, तीस लागतात. आठ-दहा दाब झाले की गडी माणसं "झालं का?" विचारत. लाँड्रीतल्या बायका विचारत नव्हत्या. त्यांना धुण्याची सवय होती, म्हणजे काम संपेपर्यंत करायची.

त्यांच्यात सुईबाईची धाकटी बहीण होती.


लाँड्री

चादरी उकळत्या टाकीत टाकण्याआधी एकेक झटकायची, हा साहेबांचा नियम. कधीकाळी चादरीत राहिलेला थर्मामीटर टाकीत फुटला, तेव्हापासून. झटकायचं काम धाकटीकडे. दोन कोपरे धरायची आणि फाडकन असा आवाज काढायची की बाहेरचे कावळे उडत.

देवीच्या रोग्याच्या खपल्या चादरीत अडकतात. झटकली की उडतात. उडालेलं नाकात जातं. हे सुईबाईला माहीत होतं, आणि धाकटीला याआधी एकदाच टोचलं होतं, वयाच्या चौथ्या वर्षी. व्रणसुद्धा इतका फिका की शोधावा लागे.

"ताई, तू माझ्याकडे अशी बघतेस जशी मी गेलेच," धाकटी म्हणाली. तिसऱ्या दिवसाची दुपार होती. "लाल झालाय की दंड. शंभरटक्के म्हणाला, उठली."

"शंभरटक्क्याला स्वतःचं धोतर सुटलेलं कळत नाही."

"तो पॅन्ट घालतो."

"म्हणूनच सुटत नाही. ऐक, सातव्या दिवसापर्यंत थांब. फोड नाही आला तर वॉर्डाच्या चादरीला हात लावायचा नाही."

"मग कोण लावेल? साहेब?" धाकटीने ओली चादर पिळली. "मी नाही म्हटलं तर तो हात माझ्या शेजारणीचा असेल. तिला तीन पोरं आहेत. तुझी सुई सगळ्यांना एक आणि तुझी भीती मला एकटीला, असं नाही चालायचं हं."

सुईबाईने चादरीचं दुसरं टोक धरलं आणि पिळू लागली. गेल्या कित्येक वर्षांत तिला गप्प बसवणारी ही एवढीच.


सातवा दिवस

नाव: मुकादम. डावा दंड: स्वच्छ.
नाव: स्वयंपाकी. डावा दंड: स्वच्छ. "बघा बाई, किती छान बरं झालं."
नाव: धाकटी बहीण. डावा दंड:

इथे सुईबाईने दंड खिडकीपाशी नेला. अंगठ्याने चाचपला. कातडीखाली कुठे बारीकसा घट्टपणा लागतो का पाहिलं. एकदा, मग पुन्हा.

स्वच्छ.

बावन्न दंड, एकही फोड नाही. बावन्नच्या बावन्न माणसं पक्की निघायला हे इस्पितळ होतं, किल्ला नव्हता.


फ्रिज

लस फ्रिजमध्ये ठेवा, असं सुईबाईने लस आली त्याच दिवशी सांगितलं होतं. फ्रिज एकच, साहेबांच्या खोलीत.

"फ्रिजवरच तर होती," शंभरटक्के म्हणाला.

"वर?"

"आत जागा कुठाय? साहेबांचं सरबत, साहेबांच्या पाण्याच्या बाटल्या. तपासणीला मंडळी येणार म्हणून आणखी बारा बाटल्या. पण मी डबी अगदी फ्रिजला टेकवून ठेवली होती, बाई. नऊ दिवस कुणाला हात लावू दिला नाही."

सुईबाईने फ्रिजच्या डोक्यावर तळहात ठेवला. भाकरी शेकता आली असती. पातळ लस, काचेच्या बारीक नळ्यांतली. ती नऊ दिवस तिथे गरम होत पडली होती, आणि शंभरटक्के तिच्यावर पहारा देत होता. टोचायच्या दिवशी ट्रे मांडून आला, तेव्हा तिनेही कुठून आला हे विचारलं नव्हतं. ते तिला आत कुठेतरी लागलं. पण साहेबांसमोर ते दाखवण्याइतकी ती साधी नव्हती.


साहेब

"लस मेलेली होती. ताजी आणा, सगळ्यांना पुन्हा टोचायचं."

"अहवाल गेलाय," साहेब म्हणाले.

"देवी अहवाल वाचत नाही."

"बाई, जिभेला आवरा. उद्या वॉर्ड उघडतोय. बावन्न जण पक्के आहेत, लस उठायची गरजच नव्हती. तुम्हीच म्हणालात ना, फोड नाही म्हणजे माणूस पक्का?"

"किंवा लस मेलेली, असंही म्हणाले होते. तुम्ही अर्धंच ऐकलंत."

"सिद्ध करा."

माणसाने काय मागावं याचा विचार मागण्याआधी करावा. सुईबाई दारापर्यंत गेली, वळली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "नातीचा दंड पाहिलात?"

साहेबांचा हात पाण्याच्या बाटलीवर थांबला.

"तिला पहिल्यांदाच टोचलंय. तिच्या अंगाची लशीशी ओळख नाही, त्यामुळे पक्की असण्याचा प्रश्नच नाही. लस जिवंत असेल तर आज तिथे मोत्यासारखा फोड हवा. घरी विचारा."

साहेबांनी टेलिफोन उचलला. लेकीशी बोलताना त्यांनी "नीट बघ" हे चार वेळा म्हटलं. मग फोन ठेवला. बाळाचा दंड पुसलेल्या पाटीसारखा कोरा होता.

बावन्न माणसांनी जे झालं नाही ते एका बाळाने झालं. साहेबांची मोटार पाच मिनिटांत निघाली. मोठ्या शहरातून बर्फाच्या पेटीत लस आली, तेव्हा चहाची वेळही टळली नव्हती. पेटी साहेबांनी स्वतः मांडीवर धरून आणली. फ्रिज रिकामा झाला. सरबताच्या बाटल्या व्हरांड्यात उन्हात रांगेने उभ्या होत्या, अंगणातल्या लाँड्रीवाल्यांसारख्या.

"आधी बाळ," साहेब म्हणाले.

"बाळ घरात आहे, आईच्या कुशीत. या बायका उद्या सकाळी चादरी उचलणार. आधी लाँड्री."

"मी सांगतोय!"

"आणि मी टोचतेय. आधी यावर सही."

तिने कागद पुढे केला. वॉर्डातल्या चादरी वॉर्डातच गोणीत बांधायच्या, गोणीसकट उकळत्या टाकीत सोडायच्या. झटकायच्या नाहीत. कुणीही, कधीही.

"आणि थर्मामीटर राहिला तर?"

"फुटेल."

साहेबांनी सही केली. रांगेत पहिली उभी होती तीन पोरांची आई. धाकटीने तिला खांद्याला धरून पुढे ढकललं होतं आणि स्वतः मागे राहून ताईकडे बघत होती: बघ, मोज, तीस.


पुन्हा सातवा दिवस, नवा

बाळाच्या दंडावर फोड आला, गोल, मोत्यासारखा. धाकटीच्या दंडावर आला. ती तो लाँड्रीभर मिरवत होती. मोठे साहेब ताप येऊन घरी पडले होते. तीन व्रणांच्या शेजारी चौथा, सगळ्यांत मोठा, उठला होता आणि त्यांचं कण्हणं म्हणे रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं.

शंभरटक्के वही घेऊन आला. "बाई, नातीसकट त्रेपन्न. किती लिहू?"

"एक्कावन्न. दोघांना पुन्हा टोचायचंय."

"मग शंभर टक्के..."

"एक्कावन्न. अक्षरात लिही."

त्याने लिहिलं. आयुष्यातला पहिलाच खरा आकडा.

तेवढ्यात मागून आवाज आला. वॉर्डाची गोणी टाकीत पडली होती, न झटकलेली, बांधलेली, आणि आत काच कुठेतरी टिचली: टक्.

"ताई," वाफेतून धाकटी ओरडली, "साहेबांचा थर्मामीटर गेला गं!"

"जाऊ दे," सुईबाई म्हणाली, आणि तिने सही केली.