बोलायचं कार्ड, नेटचं कार्ड

बारा वाजून दहा मिनिटांनी भरतेशची आई त्याची आई राहणार नव्हती.

सांगलीजवळच्या त्यांच्या गावात मळ्यातल्या मोकळ्या रानात मांडव पडला होता. त्याची आई सुंदरीबाई बासष्टाव्या वर्षी जैन दीक्षा घेत होती. सकाळी तिला नवरीसारखं नटवून मिरवलं होतं. हिरवी रेशमी साडी, हातभर चुडा, मेंदी. आता ते सगळं उतरायचं, डोक्यावरचा केस न् केस हातानं उपटायचा, पांढरी साडी नेसायची, नाव बदलायचं. मग ती सगळ्यांची माताजी. पोटचं पोर आणि वाटेवरचा माणूस तिला सारखाच.

पण केसाला हात लागायच्या आधी एक गोष्ट असते. दीक्षा घेणारी बाई घरच्या एकेकासमोर हात जोडून क्षमा मागते, आणि त्यानंही तिची मागायची. स्वतःच्या तोंडानं. दुसऱ्याकडून निरोप धाडून हे काम होत नाही.

आणि भरतेश सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळ मोबाईलच्या टॉवरखाली बॅटऱ्या बदलत होता. साताऱ्यातल्या एका ठेकेदाराकडं त्याचं हेच काम.

आठ महिन्यांपूर्वी आईनं दीक्षेचं काढलं तेव्हा तो चवताळून म्हणाला होता, "बाप गेला, आता तू बी चाललीस. जा! माझ्या लेखी तू आजच मेलीस." तेव्हापासून बोलणं बंद. आईचे फोन यायचे, हा उचलायचा नाही. रजासुद्धा मागितली नाही त्यानं, इतका ताठा. आज सकाळी धाकट्या बहिणीनं, श्रद्धानं, आईच्या मेंदीच्या हातांचा फोटो पाठवला आणि ताठा सगळा गळून गेला. पण खंडाळ्याहून गावाला साडेतीन तास लागतात. घड्याळात अकरा वाजले होते.

त्यानं टॉवरच्या कुंपणाला टेकून स्वतःचा व्हिडिओ काढला. तीस सेकंदांचा. हात जोडले आणि म्हणाला, "आई, मी बोलू नये ते बोललो. मला क्षमा कर." तेच दोन-तीनदा म्हणाला आणि तसाच पाठवून दिला. मग श्रद्धाला फोन लावायला लागला. व्यस्त. पुन्हा व्यस्त. तीस-चाळीस वेळा लावल्यावर एकदाची रिंग गेली.

"दादा! अरं लागला कसा तुझा फोन? हितं कुणाचाच लागंना!"

"श्रद्धे, व्हिडिओ धाडलाय. आईला दाखव. लगेच."

"थांब, बघते. न्हाई आला रं. तू फोन कट करू नगंस हां! एकदा कट झाला की पुन्ना लागायचा न्हाई. मी हिकडं बघतच ऱ्हाते."

दोघं फोन धरून बसले. एकीकडं मांडवातला कर्णा, एकीकडं महामार्गावरच्या ट्रका. पाच मिनिटं. दहा मिनिटं. भरतेशच्या व्हिडिओखाली एकच टिक. पाठवलंय, पोचलं नाही.

"आला का?"

"न्हाई. गोल गोल बी फिरंना. नेटचं चिन्हच गेलंय दादा."

टॉवरचा राखणदार कोंडीबा बिडी विझवत जवळ आला. "आवं सायेब, तुमी टॉवरवालं, आन् तुमालाच रेंज न्हाई व्हय?"

भरतेश त्याच्यावर खेकसणार होता, पण त्याच क्षणी त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"श्रद्धे, नेट कुठल्या कार्डावर हाय तुझं?"

"तूच बसवून दिलंस की दिवाळीला. बोलायचं कार्ड जुनं, नेटचं कार्ड नवं. स्वस्त पडतंय म्हणालास."

त्यानंच दिलं होतं. स्वतःचा जुना फोन, त्यात दोन कार्डं. त्या फोनमध्ये एका कार्डावर बोलणं चालू असलं की दुसरं मेल्यागत पडतं, हे त्याला माहीत होतं. रोज टॉवरखाली घाम गाळणाऱ्या माणसाला माहीत होतं! आणि तो वीस मिनिटं फोन धरून बसला होता, आणि त्या धरण्यानंच त्याचा व्हिडिओ वेशीबाहेर अडला होता.

"शेजारी कुणाचा तरी फोन घे!"

"कोण देतंय? सगळी शूटिंग काढाय लागल्यात. काकांची सृष्टी तर अमेरिकेला लाईव्ह दाखवाय बघतीया. मागून बघितला, तर म्हणती दोन मिंटं थांब."

घाटाच्या तोंडाशी मोबाईल कंपन्यांचे चाळीस फुटी बोर्ड लागलेत, हसऱ्या पोरीचे, वेगवान नेटचे. आणि गावात तीन हजार माणसं गोळा झाली की तिथला एकुलता टॉवर मान टाकतो. पैसे सगळ्यांकडून सारखेच घेतात भडवे. लग्न, मयत, जत्रा, दीक्षा, जेव्हा माणसाला माणूस लागतो नेमका तेव्हाच यांचा टॉवर बसतो. ह्या धंद्याच्या बॅटऱ्या आपण वाहतो म्हणून भरतेशला स्वतःचीच लाज वाटली.

"दादा, मी स्टेजवर जाते. आईच्या कानाला फोन लावते. तोंडानंच बोल."

धक्काबुक्की ऐकू आली. कुणीतरी "ए बाई, चप्पल काढ" म्हणून ओरडलं. कर्णा एकदम मोठा झाला. आणि त्या गदारोळात आईचा आवाज आला.

"कोण? भरत्या हाय व्हय?"

"आई! मीच हाय! आई, माझं चुकलं!"

"ऐकू येईना रं बाळा. लय दंगा हाय. काय म्हंतोस?"

"चुकलं माझं! क्षमा कर मला!"

"न्हाई ऐकू येत. तोंड तरी दाव एकदा. सकाळधरनं वाट बघतीया."

त्याला तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. तिला त्याचा एकही नाही. तो इतका ओरडला की कोंडीबा दोन पावलं मागं सरला. मग श्रद्धा बोलली. ती रडत होती.

"दादा, बारा वाजत आले. त्या बायका चुडा उतराय आल्या. काय करू?"

फोन धरून ठेवला तर आईचा आवाज होता, पण व्हिडिओ पोचणार नव्हता. फोन ठेवला तर व्हिडिओ पोचला तर पोचला. आवाज मात्र गेला म्हणजे गेला.

"भरत्या," आई पुन्हा म्हणाली, "हायस का?"

त्यानं फोन कट केला. आई बोलत असताना कट केला.

मग तो नुसता त्या एका टिककडं बघत राहिला. दुसरी उमटली की पोचलं. बारा वाजले. बारा पाच. त्यानं पुन्हा फोन लावला, व्यस्त. आणि लगेच स्वतःच कापला, लागला तर पुन्हा तिचं नेट जायचं म्हणून. लावायची भीती, न लावायची भीती. बारा दहा झाले. बारा पंधरा. एकच टिक. कोंडीबानं पाण्याची बाटली पुढं केली. त्यानं घेतली नाही.

"सायेब, वर चढून बघता का? वर रेंज लय असती."

"माझी रेंज फुल हाय कोंडीबा," तो म्हणाला. "माझी फुलच हाय."

एक वाजायच्या सुमाराला, माणसं जेवणाकडं पांगल्यावर, दुसरी टिक उमटली. पाठोपाठ श्रद्धाचा फोन आला. पहिल्या झटक्यात लागला.

"आला रं दादा व्हिडिओ. दाखवला."

"कुणाला?"

"माताजींना. केस निघालं होतं तवर. पांढरी साडी नेसून बसल्या होत्या. मी पुढं धरला फोन. सगळा बघितला."

"मग?"

"हात वर केला. आशीर्वाद दिला. सगळ्यांना देत्यात, तसा."

"माझं नाव घेतलं?"

"न्हाई."

"रडली का?"

"न्हाई रं. शांत होत्या." मग ती हळू आवाजात म्हणाली, "त्या व्हिडिओत तू आई म्हंतोस न्हवं, तर शेजारच्या एक काकू म्हणाल्या, आता आई म्हणू नये. दादा, ऐकतोयस न्हवं?"

तो ऐकत होता. आता आवाज लख्ख येत होता. पंगतीत कुणीतरी भात वाढा म्हणत होतं, लांब एक तान्हं पोर रडत होतं, श्रद्धाच्या हातातल्या बांगड्यासुद्धा वाजलेल्या कळत होत्या.

"ठिवू का फोन?" तिनं विचारलं.

त्यानं ह्या वेळी फोन कानालाच धरून ठेवला, कट केला नाही.