एका हाताने उलटणारी ट्रॉली

किर्गिझस्तानातल्या कराकोलच्या बाजारात जिथे जुनी-नवी अवजारं मांडून ठेवतात, तिथे कानिशाई ट्रॅक्टरला जोडायच्या दोन ट्रॉल्यांच्या मध्ये उभी होती. नवरा जुमादिल वर डोंगरातल्या खाणीवर पाळीला गेलेला, त्याचा फोन लागत नव्हता. निवड आज तिलाच करायची होती.

"वहिनी, ही घ्या," धाकटा दीर ओर्मोश उंच ट्रॉलीवर थाप मारत म्हणाला. "दोन खेपांत अख्खं खत बागेत. ती दुसरी काय, पोरांच्या खेळातली!"

कानिशाईच्या डोळ्यांपुढे बागेची चढण आली. जर्दाळूची झाडं सगळी उतारावर आणि वाट एका कुशीला कललेली. ही अरुंद, उंच ट्रॉली भरून तिथे नेली तर पहिल्याच वळणाला आडवी पडेल. दुसरी बुटकी होती, तिची चाकं लांब-लांब होती. विकणाऱ्याने खिट्टी काढून एका हाताने तिचा हौदा वर उचलला आणि मागे झुकवून दाखवला.

"बघा ताई. तुमच्यासारख्या बाईमाणसाने उलटवावी अशी आहे."

तेवढ्यावरच ती भुलली. मागच्या वर्षी खत उपसून तिचा खांदा कायमचा धरला होता.

"हीच," ती म्हणाली.

पहिली खेप तिने एकटीने भरली. चढण लागली तशी ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी झाल्यासारखी वाटली. मग ती जागच्या जागी गरगरू लागली, माती उडाली आणि सगळं धूड मागे घसरायला लागलं. ब्रेक दाबून काही उपयोग होईना. ट्रॉली तिरकी झाली, एका जर्दाळूच्या बुंध्यावर आदळली आणि तिथेच अडकली. कानिशाईला स्टिअरिंगवरून बोटं सोडवेनात. पुष्कळ वेळाने ती खाली उतरली आणि खतात हात खुपसून उभी राहिली.

मग तिच्या लक्षात आलं. हौदा एका हाताने उलटत होता, कारण त्याचा सगळा भार आसाच्या मागे होता. भरल्यावर तोच भार ट्रॅक्टरला जोडलेली पुढची दांडी वर उचलत होता आणि दांडीबरोबर ट्रॅक्टरचं बूडही.

तिने हे कोणाला सांगितलं नाही. ओर्मोश 'मी म्हणत नव्हतो?' म्हणाला असता, आणि सासूने ते गावभर केलं असतं.

गल्लीच्या टोकाला युनुस वेल्डर राहायचा. चिनी मुसलमानांपैकी, डुंगान माणूस, बोलायला फटकळ.

"आस वीतभर मागे घ्या," कानिशाई म्हणाली. "बिजागऱ्याही."

"घेतो. पण मग पुढे भार येईल. एका हाताने उलटायची नाही, खांदा लावावा लागेल."

"लावीन."

"मग घेतलीत कशाला ही, बाई? उलटते म्हणूनच घेतलीत ना?"

युनुसने आस सरकवला आणि हौद्याच्या पुढच्या बाजूला, तो आपोआप उलटू नये म्हणून, नवी जाड पिन बसवून दिली. पिनेच्या टोकाला एक लहानशी क्लिप होती. "ही विसरायची नाही हं. धक्क्याने पिन सरकते."

त्यानंतर खताच्या खेपांवर खेपा झाल्या, काही झालं नाही. तरी दर दहा पावलांवर तिची मान मागे वळायची. संध्याकाळी ती मान इतकी आखडायची की चहाचा वाडगा ओठाला लावताना कळ यायची.

बाग फुलली तशी सासू, झुराकान, दारात बसून कुरकुरायला लागली. गुडघ्यांनी दोन वर्षं तिला वर जाऊ दिलं नव्हतं.

"सगळे सांगतात झाडं फुललीत. मी काय ऐकूनच मरू?"

"आई, ती माणसं न्यायची गाडी नाही."

"शेण नेता येतं आणि सासू नेता येत नाही? बरं आहे बाई! शेणाला तरी भाव आहे या घरात."

समोरच्या अंगणातली बाई फिदीफिदी हसली. त्याच सकाळी पिनेची ती क्लिप गवतात पडून हरवली होती आणि तिच्या जागी तिने एक खिळा वाकवून घातला होता. खतासाठी चालेल, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. आता मात्र त्या खिळ्याची जाणीव तिला जिभेखालच्या खड्यासारखी होत होती. तरी तिने हौद्यात गवत पसरलं, त्यावर लोकरीचा नमदा टाकला आणि सासूला काखेत धरून वर चढवलं.

"पुढे बसा आई, माझ्या पाठीशी."

"पुढे बसून काय तुझी पाठ बघू? मला खालचं सरोवर बघायचंय." म्हातारी मागच्या फाळक्यावर कोपरं टेकवून बसली.

सपाटीवर सगळं ठीक होतं. झुराकान वाटेतल्या प्रत्येकाला हाक मारत होती, दोघांकडे तर तिने खिशातल्या सुक्या दह्याच्या गोळ्या फेकल्या. चढण लागली आणि मागून धातूचा किणकिण आवाज सुरू झाला. कानिशाईने वळून पाहिलं. खिळा गेला होता. पिन भोकातून अर्धी बाहेर आली होती आणि इंजिनाच्या प्रत्येक हादऱ्याबरोबर आणखी सरकत होती.

तिने इंजिन बंद केलं आणि ब्रेकवर दोन्ही पाय रोवले. खाली उतरून पिन बसवायची तर ब्रेक सोडावा लागणार, आणि हा ट्रॅक्टर गिअरमध्येही हळूहळू घसरायचा. चाकाला उटी लावायला दगड होता, पण तो चार हात लांब. पिन निघाली की हौदा मागे झुकणार आणि म्हातारी फाळक्यासकट उतारावर.

"थांबलीस का गं? पोचलो?"

"आई, हलू नका." ब्रेकवरचे पाय न उचलता तिने मान वळवली. "म्हणजे हला. हळूच. उठून उभ्या राहू नका. रांगत पुढे या."

"रांगत? या गुडघ्यांनी?"

"आई, पिन निघतेय. तुम्ही पुढे आलात तर हौदा दबून राहील. मी ब्रेक सोडू शकत नाही. ही गाडी मागेही एकदा घसरली होती माझ्या हातून. मी बोलले नाही."

मागे गवत खसखसलं. म्हातारी कण्हली, थांबली, पुन्हा सरकली. हौदा पुढून जरासा वर उचलल्यासारखा झाला. मग तो धप्पकन खाली बसला. सासूचा श्वास तिला आपल्या मानेवर जाणवला.

"कुठली? ही?"

"तीच. आत ढकला. पूर्ण."

"बसत नाही. थांब." चपलेच्या टाचेने दोन दणके बसले. "बसली. आता पुन्हा निघेल का?"

"निघेल."

म्हातारीने डोक्यावरचा रुमाल सोडला, पिनेच्या टोकाभोवती गुंडाळला आणि दातांनी ओढून गाठ मारली. तिचे पांढरे केस वाऱ्यावर उडत होते. कानिशाईने सासूला उघड्या डोक्याने कधी पाहिलं नव्हतं.

"आता चालव. मी धरून बसते. आणि मागे बघू नकोस सारखी, पुढे बघ."

वर पोचल्यावर झुराकान पहिल्याच झाडाखाली बसली. फुलं गळून तिच्या मांडीवर पडत होती. अखेर ती म्हणाली, "मी चालत उतरणार. त्या पेटीत पुन्हा नाही बसायची."

"तुमचे गुडघे, आई..."

"माझे आहेत ना? मग?"

चाकांना दगड लावून ट्रॅक्टर वरच ठेवला आणि दोघी हात धरून उतरल्या. झुराकान प्रत्येक दगडाशी थांबत होती, आणि प्रत्येक वेळी कानिशाईला वाटत होतं, आता ही उठणार नाही. घरी पोचेपर्यंत एक गुडघा भाकरीसारखा सुजला होता. ओर्मोशने विचारलं तेव्हा म्हातारी म्हणाली, "अंगणात घसरले. तुझ्या वहिनीने झाडायचं सोडलंय."

ती अंथरुणाला खिळली. सूज उतरायचं नाव घेईना. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेला आणि बघू म्हणाला. ते 'बघू' कानिशाईला झोपू देईना.

जुमादिल पाळीवरून आला, त्याच संध्याकाळी तिने त्याला सगळं सांगितलं. पहिलं घसरणं, क्लिप, खिळा, सगळं. तो ओरडेल म्हणून ती वाट पाहत राहिली. तो आईच्या खोलीत गेला. दार लोटलेलं होतं, आतलं काही ऐकू येईना. बाहेर आला तेव्हा त्याने फक्त बूट चढवले.

"युनुसला घेऊन वर जाऊ," तो म्हणाला. "आटे पाडलेला बोल्ट आणि वरून साखळी, दोन्ही बसवू. ट्रॅक्टरचा ब्रेकही करून घेऊ. मग तू तो वरून खाली आण."

"मी?"

"तुझा हात बसलाय त्या ट्रॉलीवर. मी दगड घेऊन चाकाशेजारून चालेन."

आतून सासूचा आवाज आला. "आणि मागे बघू नकोस म्हणावं तिला!"

दुसऱ्या दिवशी कानिशाई ट्रॅक्टर घेऊन उतरणीला लागली. जुमादिल दोन्ही हातांत दगड धरून चाकाशेजारून चालत होता. साखळी ताणलेली होती, बोल्ट घट्ट होता. तिला ते ठाऊक होतं. तरी पहिल्या वळणाला तिने मागे वळून पाहिलंच.